लाडकीचा बाप

ड्रायव्हरने ट्रकच्या मागच्या फळीची कडी लावली आणि भारतीने ती पुन्हा काढली. हे तिसऱ्यांदा झालं. फळी धाडकन खाली आली तशा रांगेतल्या बायका दोन पावलं मागे सरल्या. भारती मात्र पदर कमरेला खोचून तिथेच उभी राहिली.

"ताई, असं करू नका," उमेश म्हणाला. "तुमच्या पाड्याच्या एकशे सतरा ताडपत्र्या होत्या, त्या मी मोजून दिल्या. उरलेल्या पुढच्या पाड्यांच्या आहेत."

"आणि ही माणसं कुठल्या पाड्याची? आभाळातून पडली काय?"

रांगेत अजून सव्वीस जणी होत्या. उन्हाला डोक्यावर पदर घेऊन, कुणी मूल काखोटीला मारून, सकाळपासून उभ्या. सगळ्यांच्या शेवटी म्हातारी बायजी होती. ती उभी नव्हती, फतकल मारून बसली होती, आणि रांग पुढे सरकली की बसल्या बसल्याच पुढे सरकत होती. आता बराच वेळ ती सरकली नव्हती.

उमेश मदत वाटणाऱ्या संस्थेचा माणूस. वाईट नव्हता, उलट सकाळी आल्या आल्या त्याने अंगणवाडीतल्या पोरांना बिस्किटं वाटली होती. पण त्याच्या हातात टॅबलेट होता, आणि त्यावर जो आकडा होता त्याच्या पलीकडे जग आहे हे त्याला पटत नव्हतं.

नोव्हेंबरपासून जमीन हलत होती. आधी लोक हसले, मग देवाला कोंबडं दिलं, मग भिंतींना भेगा पडल्या तेव्हा तालुक्याहून माणसं आली आणि म्हणाली, घरात झोपू नका. झोपायचं कुठं ते कुणी सांगितलं नाही. फेब्रुवारी लागला तरी अख्खा पाडा अंगणात, शेतात, दवात पडत होता. पोरं खोकत होती. तीन महिन्यांनी ताडपत्र्या आल्या, त्याही अशा.

"एकशे त्रेचाळीस घरं आहेत," भारती म्हणाली. "वेगळी चूल ते वेगळं घर. तेरा वर्षं मी अंगणवाडीचं रजिस्टर लिहितेय. कुठल्या चुलीवर किती भात शिजतो तेही सांगेन. बघा!"

तिने रजिस्टर पुढे केलं. उमेशने ते हातातही घेतलं नाही.

"हाताच्या याद्या आम्ही घेत नाही, ताई. मागे एका ठिकाणी एकाच माणसाने सात नावांनी सात ताडपत्र्या नेल्या. म्हणून तर हे आणलं. एक माणूस दहा वेळा आला तरी हे त्याला एकदाच मोजतं. परवा मोजणी झाली तेव्हा तुम्हीही होतात."

"होते. मला काय ठाऊक हे डबडं माणसं गिळतं म्हणून?"

"डबडं नाही. तुमच्याच पाड्याच्या मुलाने बनवलंय. मला वाटलं तुम्हाला अभिमान असेल."

भारतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगा कोण ते तिला कुणी सांगायला नको होतं. संदीप तिचा सख्खा दीर. सासू-सासरे गेले तेव्हा तो पाचवीत होता. त्याला तिने बोर्डीच्या शाळेत घातलं, सुट्टीला आला की त्याच्या डोक्याला तेल चोपडलं, मुंबईला इंजिनिअर व्हायला गेला तेव्हा स्टॅंडवर बस दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. आता तो मुंबईच्या कंपनीत होता, आणि या मोजणीसाठीच आठवडाभर तलासरीच्या कार्यालयात येऊन बसला होता. तिने फोन लावला.

"संदीप, जिथं असशील तिथून निघ."

"वहिनी, मीटिंग आहे. काय झालं?"

"तू आलास की सांगते. नाही आलास तर मीच तलासरीला येते, आणि तिथं सगळ्यांसमोर सांगते."

तो पाऊण तासात आला, कुणाची तरी मोटारसायकल मागून घेऊन. तोवर भारती फळीवर बसून राहिली होती. ड्रायव्हरने विडी ओढली, उमेशने चार फोन केले. त्याने टॅबलेट संदीपच्या हातात दिला आणि सुटल्यासारखा सावलीला गेला. संदीपने पडदा वरखाली सरकवून पाहिला.

"मशीन बरोबर चाललंय, वहिनी."

"मशीनला ताप आलाय असं मी म्हटलंच नाही. माझी सव्वीस घरं कुठं आहेत ते विचार त्याला."

"ते असं सांगत नाही."

"मग कसं सांगतं? मला समजेल असं सांग. मला समजत नसेल तर दोष तुझा."

संदीपने इकडेतिकडे पाहिलं. अंगणवाडीच्या ओट्यावर पोरांचा चिंचोक्यांचा डबा होता. मधोमध फोडलेले चिंचोके. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. त्यातला एक घेऊन त्याने उडवला. पांढरा. पुन्हा उडवला. तपकिरी.

"कुणी येऊन सांगितलं, मला सलग दोन पांढरे पडले, तर तू काय म्हणशील?"

"काय म्हणायचं त्यात? कुणालाही पडतील."

"आणि सलग दहा पडले म्हणाला तर?"

"तर तो रिकामटेकडा सकाळपासून तेच करत बसला असणार."

"बस, एवढंच! पांढऱ्यांची सगळ्यात लांब रांग केवढी, त्यावरून किती डाव झाले याचा अंदाज येतो. मशीन तेच करतं. एकेक नाव म्हणजे एकेक डाव. मशीनमध्ये हजार खाने आहेत. नाव आलं की ते एका खान्यात जातं, तिथं चिंचोके उडतात, आणि पांढऱ्यांची जेवढी रांग पडेल तेवढा आकडा खान्यावर लिहिला जातो. आधीच त्याहून मोठा असेल तर काहीच लिहिलं जात नाही. नाव तेच असेल तर खाना तोच आणि चिंचोकेही दरवेळी तसेच पडतात, म्हणून माणूस दहादा आला तरी फरक पडत नाही. शेवटी सगळे खाने बघून सांगायचं, साधारण इतकी वेगवेगळी नावं येऊन गेली."

सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. शाळेत बक्षीस मिळालं की असाच उजळायचा. भारतीला ते दिसलं आणि त्यामुळे ती जास्तच चिडली.

"आणि नावं कुठं लिहिली जातात?"

"नावं लिहितच नाही. तीच तर गंमत आहे. लाखो माणसं मोजली तरी चिमूटभर जागा लागते, या साध्या टॅबलेटवर, नेटवर्क नसतानाही. आणि नावंच नाहीत म्हटल्यावर कुणी ती चोरून विकू शकत नाही."

"म्हणजे परवा बायजी उन्हात दोन तास उभी राहिली, तिचं नाव त्याने विचारलं, ऐकलं, आणि थुंकून टाकलं."

"थुंकून नाही, वहिनी..."

"मग गिळलं. एकच. मला सांग, आता कोण राहिलं ते कुणाला विचारायचं? तुझ्या मशीनला माहीत नाही. त्या साहेबाला माहीत नाही. मला माहीत आहे, तर माझी वही चालत नाही. कानामागून आलं नि तिखट झालं हे!"

"चूक शेकडा तीनच्या आसपास असते. दोन्ही तालुक्यांची बेरीज..."

"शेकडा तीन म्हणजे कोण?"

"म्हणजे?"

"त्यांना नावं असतील ना? कोण ते?"

चिंचोका संदीपच्या मुठीत तसाच होता. त्याच वेळी जमिनीच्या पोटात काहीतरी गडगडलं, घरंगळत आलेल्या मोठ्या दगडासारखं. अंगणवाडीचे पत्रे थरथरले, डब्यातले चिंचोके खुळखुळले. पोरं आपापल्या आयांना बिलगली. रांग मात्र मोडली नाही. एवढ्या महिन्यांत बायका पळायच्या कंटाळल्या होत्या. बायजीने फक्त दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले, रडकं पोर थोपटावं तसे.

उमेश ट्रकपासून लांब पळाला होता. तो परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याला कुणी हसलं नाही.

"हे दिवसातून चारदा होतं," भारती त्याला म्हणाली. "तुमची गाडी निघून जाईल, आम्हाला इथंच झोपायचंय."

संदीप खाली बसला होता, टॅबलेट गुडघ्यावर घेऊन. "शेकडा तीन धरले तर चार-पाच घरांची चूक होईल," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "सव्वीसची होणार नाही. इथं दुसरंच काहीतरी आहे."

"आता कसा बोललास! परवा टेबलावर त्या कॉलेजच्या पोरी काय विचारत होत्या?"

"कुटुंबप्रमुखाचं नाव. फक्त तेवढंच आणि पाड्याचं नाव."

भारतीने डोळे बारीक केले. मोजणी सकाळी अकराला झाली होती. त्या वेळी पाड्यात बाप्या माणूस औषधाला मिळत नाही. कुणी भिलाड-उंबरगावच्या कंपन्यांत, कुणी वीटभट्टीवर, कुणी आगरच्या मासेमारी बोटींवर. रांगेत होत्या त्या सगळ्या बायका. इथंच घोडं पेंड खात होतं.

"जमना," तिने रांगेतल्या एकीला हाक मारली. जमनाच्या काखेत शेंबडी, दीडेक वर्षांची पोर होती. "त्या पोरींना परवा काय नाव सांगितला?"

"घराचा नाव सांगितला."

"काय सांगितला ते बोल."

जमनाने पोरीला या काखेतून त्या काखेत घेतलं. "लाडकीचा बाप."

"आणि त्यांनी तेच लिवला?"

"मी काय वाचाया गेलू? त्यांनी बोटांनी टकटक केला नि बोलल्या, झाला."

भारती फळीवर चढून उभी राहिली. "ऐका गं! परवा 'लाडकीचा बाप' कोणी कोणी सांगितला? हात वर करा. ज्यांना ताडपत्री मिळाली त्यांनीपण."

आधी कुणीच हात वर केला नाही. मग एक झाला, दोन झाले. ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यांवर बसलेल्या बायकांतूनही हात वर आले. पाड्यात पहिल्या मुलीला घरोघर लाडकीच म्हणतात. शाळेत तिचं नाव निलम असो नाहीतर वर्षा. अकरा हात झाले. मग भारतीने 'बाबूचा बाप' विचारला, तेव्हा नऊ. 'चैत्याचा बाप', पाच. 'रूपीचा बाप', तीन. पुढे तिने विचारलंच नाही.

इथल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मेलेल्याचंही घेत नाहीत. मुंबईच्या माणसाला हे ठाऊक नसलं तर त्याला कोण काय म्हणणार? पण ज्याची आई जन्मभर नवऱ्याला 'काळ्याचा बाप' म्हणत मेली, त्याला?

"अकरा घरांचा एकच बाप केलास तू," भारती संदीपला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त घाबरला. "या पाड्यात जन्मलास. इथल्या पेजेवर वाढलास. आणि प्रश्न असा घातलास, ज्याचं उत्तर इथली एकपण बाई सरळ देणार नाही. दुसऱ्या कुणी केला असता तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. तुला काय करू?"

संदीपने मान खाली घातली. "माझ्या लक्षात आलं नाही, वहिनी."

"येणार कसं? तुझ्या मशीनसारखाच झालास तू."

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती, आणि बोलल्यावर तिला बरं वाटलं नाही. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

रांगेतून जमनाच पुटपुटली, "तूपण कुठं नवऱ्याचा नाव सांगितलास?"

"मी संदीपचा नाव सांगितला. माझ्या घरात नवरा नाय."

संदीपचा मोठा भाऊ सात वर्षांपूर्वी वापीला कंपनीत म्हणून गेला आणि तिकडेच एकीबरोबर राहिला, हे पाड्यात शेळ्यांनाही माहीत होतं. पण भारतीच्या तोंडावर तो विषय कुणी काढत नसे. जमनाने जीभ चावली.

"आता करायचं काय?" उमेशने घड्याळ पाहिलं. "चारला मला निघायलाच हवं."

संदीप उठला. "भर घालता येते. आधीचं पुसता येत नाही, पण नवं नाव टाकलं तर ते धरलं जाईल. सव्वीस जणींनी परवा न सांगितलेलं नाव सांगितलं पाहिजे. आकडा एकशे त्रेचाळीस झाला तर तुम्ही ताडपत्र्या द्याल?"

"आकडा झाला तर मला काय अडचण? पुढच्या पाड्यांसाठी उद्या दुसरी गाडी मागवेन. मला फक्त आकडा दाखवायचाय."

"मग ज्यांना मिळाली नाही त्यांनी पुढे या," भारती म्हणाली. "नवऱ्याचा नाव नाय घ्यायचा ना? नका घेऊ. आपला घ्या. आपला आणि आपल्या बापाचा."

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. लग्नानंतर कुणी त्यांना बापाचं नाव विचारलं नव्हतं. जमना पुढे आली, घसा खाकरला, आणि शाळेत हजेरी देतात तसं मोठ्याने म्हणाली, "जमना लखमा."

आकडा एकशे अठरा झाला. उमेशने स्वतः गठ्ठा उतरवून दिला.

एकेक बाई येत गेली. आकडा कधी एकाने सरकायचा, कधी जागचा हलत नसे, मग पुढच्या नावाला एकदम दोनने उडी मारी, शेवटी अंदाजच तो. भारती प्रत्येक नावाला टॅबलेटमध्ये डोकावत होती. न हलणाऱ्या नावाला तिच्या कपाळावर आठी पडे, उडी पडली की आठी जाई. पंचवीस जणी झाल्या तेव्हा आकडा होता एकशे बेचाळीस. उमेशने पंचवीस गठ्ठे देऊन टाकले होते.

बायजी बसल्या बसल्या पुढे सरकली. संदीप तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आजी, तुझा नाव?"

"बायजी."

"बापाचा?"

म्हातारीने बराच वेळ आठवलं. "झिपरू," ती म्हणाली आणि हसली. तोंडात दोनच दात होते.

संदीपने नाव टाकलं. एकशे बेचाळीस.

त्याने थांबून पाहिलं. एकशे बेचाळीसच.

"परत टाक," भारती म्हणाली.

"उपयोग नाही. तेच नाव त्याच खान्यात जाणार, आणि तिथं आधीच हिच्याहून मोठी रांग पडलेली आहे. शंभरदा टाकलं तरी हेच."

"ती तुझ्यासमोर बसलीय!"

"दिसतेय मला!" तोही पहिल्यांदाच ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आजी, नाव जरा बदलून सांगतेस? नुसता बायजाबाय सांग, नायतर बाजी, काहीपण."

बायजीचं हसू मावळलं. "माझा नाव कशाला बदलू? हाच हाय. बापाने ठेवला तो."

"आजी, फक्त मशीनसाठी."

"तुझी मशीन बदल."

उमेश म्हणाला, "आजींना उद्याच्या गाडीत बघू ना. एकच तर राहिली."

एकच तर राहिली! भारतीला वाटलं, याला इथेच फळीखाली घालावं. तेरा वर्षांत तिने रजिस्टरमध्ये एक खोटं नाव घातलं नव्हतं. वरून दटावणी आली, बाजूच्या सेविकांनी पोरांची संख्या फुगवून खाऊ नेला, हिने मेलेलं पोर त्याच दिवशी कमी केलं आणि जन्मलेलं त्याच दिवशी वाढवलं. त्या खरेपणाला आज कुणी विचारलं नव्हतं. आणि ही म्हातारी, खरं तेच सांगणारी, खरं सांगितलं म्हणूनच वाऱ्यावर होती.

"संदीप, लिही," ती म्हणाली. "काळ्या चिमण."

संदीपचं बोट काचेवर जागच्या जागी थांबलं. जमनाने पदर तोंडाला लावला. त्या नावाची हाक पाड्यात सात वर्षांत कुणी मारली नव्हती, आणि भारतीने तर कधीच नाही. लग्नात घास भरवतानाही ती लाजून खाली बघत राहिली होती.

"वहिनी, दादा तर..."

"लिही म्हटलं ना. काळ्या चिमण. कुटुंबप्रमुख."

त्याने लिहिलं. आकडा एकशे त्रेचाळीस झाला.

"झाले बघा!" उमेशचा चेहरा खुलला. त्याने शेवटचा गठ्ठा आणून बायजीच्या पुढ्यात ठेवला आणि टॅबलेट उचलून भारतीला दाखवला. "एकशे त्रेचाळीस. तुमच्या वहीत जितकी घरं, तितकाच आकडा. एकाची चूक नाही. आता तरी विश्वास बसला ना, ताई?" त्याने पडद्याचा फोटो काढला आणि तलासरीला पाठवून दिला.

भारतीने फळी वर ढकलली आणि कडी स्वतःच्या हाताने लावली. ट्रक धूळ उडवत गेला. बायका ताडपत्र्या उलगडून, ताणून, कुणाची मोठी आणि कुणाची लहान ते बघायला लागल्या. बायजी आपल्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसून होती. तो उचलून न्यायला कुणीतरी येईल अशी तिची खात्री होती.

संदीप मोटारसायकलपाशी घुटमळत होता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "मी प्रश्न बदलतो. आजच. सगळ्या पाड्यांसाठी."

"बदल."

"आणि ते नाव... ते आता काढता येणार नाही."

"मशीनला ते आठवेल?"

"नाही. त्याला कुठलंच नाव आठवत नाही."

भारतीने बायजीचा गठ्ठा उचलून डोक्यावर घेतला.

"बरं झालं," ती म्हणाली.